शनिवारचा सामना कोण जिंकेल? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या अंदाजाचं गणित

३० नोव्हेंबर २०२४ ला कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये लाखाहून जास्त प्रेक्षक होते. यजमान ओहायो स्टेट देशाच्या क्रमवारीत दुसरं, अकरापैकी दहा सामने जिंकलेलं. समोर मिशिगन. सहा विजय, पाच पराभव, पहिल्या पंचविसात नावसुद्धा नाही. सामन्याआधीचा सर्वमान्य अंदाज होता की ओहायो स्टेट सुमारे २० गुणांनी जिंकेल. मिशिगन १३-१० असं जिंकलं.

असं काही घडलं की 'गणितं सगळी फोल, मैदानावर काहीही होऊ शकतं' असं लगेच ऐकू येतं. मला हे पटत नाही. तो अंदाज जसा बांधला होता तसा तो बरोबरच होता, असं माझं म्हणणं आहे. असं कसं, हे समजायचं तर असे अंदाज मुळात कशाचे बनतात ते पाहावं लागेल. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांमुळे मिशिगन, ओहायो स्टेट, पर्ड्यू ही नावं आता कितीतरी मराठी घरांत रोजची झाली आहेत. मुलांकडे गेलेले आईवडीलही एखाद्या शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा टी-शर्ट घालून स्टेडियममध्ये जाऊन बसतात. त्यांनाही हे वाचता यावं, म्हणून आधी खेळाबद्दल दोन शब्द.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळायचं असतं किंवा पुढे फेकायचा असतो. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जावं लागतं. तेवढं जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की टचडाउन, त्याचे ६ गुण, आणि त्यानंतर लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला की आणखी १. टचडाउन जमत नसेल तर लांबूनच लाथ मारून ३ गुण घेता येतात, तो फील्ड गोल. गुण ३ आणि ७ अशा ढिगांनी जमतात म्हणून सामन्याचा निकालही बऱ्याचदा ३ किंवा ७ च्या फरकाने लागतो. हे पुढे कामाला येईल. संपूर्ण सामन्यात एका संघाच्या वाट्याला चेंडू साधारण बारा वेळा येतो, हेही लक्षात असू द्या.

एक आकडा आणि त्यामागचा पसारा

या खेळात अंदाज सांगायची रूढ पद्धत म्हणजे गुणांचा फरक. त्याला तिथे पॉइंट स्प्रेड म्हणतात. १९४० च्या दशकात शिकागोमध्ये चार्ल्स मॅकनील नावाच्या गृहस्थांनी ही पद्धत रूढ केली असं मानलं जातं. ते आधी गणिताचे शिक्षक होते, नंतर पैजांच्या धंद्यात आले. 'कोण जिंकेल' याऐवजी 'कितीने जिंकेल' असं विचारलं की बलाढ्य आणि दुबळा संघ यांच्यातल्या सामन्यालाही अर्थ येतो, ही त्यातली कल्पना.

पण '२० गुणांनी जिंकेल' याचा अर्थ 'नक्की २० गुणांनी' असा कधीच नसतो. तो मधला आकडा असतो. हाच सामना, हेच खेळाडू, हीच हवा घेऊन शंभर वेळा खेळवता आला असता तर निकाल या आकड्याच्या दोन्ही बाजूंना विखुरले असते. कॉलेज फुटबॉलमध्ये हा विखुरलेपणा मोठा आहे. संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, ते इथे साधारण १५-१६ गुणांचं आहे. म्हणजे दर तीनातल्या एका सामन्यात निकाल आणि अंदाज यांच्यात दोन टचडाउनपेक्षाही जास्त अंतर पडतं. आणि हे उत्तमातल्या उत्तम अंदाजांबद्दल चाललंय.

१६ चा हा विखुरलेपणा धरून घंटाकृती वक्राचं गणित केलं की गुणांचा फरक शक्यतेत बदलता येतो. ३ गुणांनी सरस असलेला संघ जिंकण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के. ७ गुणांनी सरस असेल तर ६७, १० गुणांना ७३, १४ ला ८१. आणि २० गुणांनी सरस असलेल्या संघाची शक्यता ८९ टक्के. विखुरलेपणा थोडा कमी, म्हणजे १४ धरला, तर हीच शक्यता ९२ वर जाते.

म्हणजे ओहायो स्टेटच्या सामन्याबद्दल अंदाज काय सांगत होता? मिशिगन जिंकण्याची शक्यता दहा-बारात एक. दहातली एक शक्यता म्हणजे कधीच न घडणारी गोष्ट नव्हे. हंगामात दर शनिवारी २० किंवा जास्त गुणांनी सरस असलेले अनेक संघ मैदानात उतरतात. त्यातला एखादा अधूनमधून हरला नाही, तरच गणितात गडबड आहे असं म्हणावं लागेल. त्याच हंगामात, ७ सप्टेंबरला, नोट्र डेम सुमारे २८ गुणांनी सरस मानलं जात असताना स्वतःच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ असं हरलं होतं. २००७ मध्ये स्टॅनफर्डने यूएससीला २४-२३ हरवलं तेव्हा फरक ४१ गुणांचा सांगितला होता. २०१७ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाने यूएनएलव्हीला ४३-४० हरवलं, तेव्हा तो ४५ होता.

आता याच गणिताची दुसरी बाजू बघा. एखादा संघ इतका भारी आहे की बाराच्या बारा सामन्यांत त्याची शक्यता ९० टक्के. तो सगळे सामने जिंकेल का? ०.९ ला स्वतःनेच बारा वेळा गुणा. उत्तर येतं ०.२८. म्हणजे एकही सामना न हरण्याची शक्यता तीनात एकही नाही. चाहत्यांना एका पराभवाने धक्का बसतो, प्रशिक्षकाला काढून टाका अशी मागणी होते, आणि प्रत्यक्षात एक पराभव हीच त्या हंगामातली सर्वात स्वाभाविक गोष्ट असते.

संघाची ताकद मोजायची कशी

फरकाचा आकडा येतो दोन संघांच्या ताकदीच्या वजाबाकीतून. कठीण काम आहे ते ही ताकद मोजण्याचं, आणि कॉलेज फुटबॉलमध्ये ते इतर खेळांपेक्षा कठीण आहे.

२०२४ मध्ये सर्वोच्च विभागात १३४ संघ होते. त्यांच्या शक्य जोड्या मोजल्या तर ८,९११ होतात. प्रत्यक्षात नियमित हंगामात एक संघ बाराच सामने खेळतो, म्हणजे सगळे मिळून जेमतेम आठशे सामने. दहातल्या नऊ जोड्या एकमेकांसमोर येतच नाहीत. शिवाय हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेले असतात आणि आपापल्या गटातच आठ-नऊ सामने खेळतात. दक्षिणेकडचा गट आणि मिडवेस्टचा गट यांना जोडणारे सामने मोजकेच. त्या मोजक्या धाग्यांवरून सगळ्या देशाची तुलना करायची असते.

सगळ्यात सोपी युक्ती अशी. संघाने सरासरी किती गुणांनी सामने जिंकले ते काढायचं आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ताकद मिळवायची. पण प्रतिस्पर्ध्यांची ताकद त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, त्यांची आणखी कुणावर. त्यामुळे १३४ समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. संगणकाला हे क्षणाचं काम आहे, हाताने करायला बसलं तर आठवडा जाईल.

दुसरी वाट आर्पाद एलो यांची. हे हंगेरीत जन्मलेले आणि मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. बुद्धिबळपटूंचं रेटिंग ज्या पद्धतीने काढतात ती त्यांची. प्रत्येक संघाला एक आकडा द्यायचा. दोघांच्या आकड्यांत २०० चा फरक असेल तर वरच्याची शक्यता ७६ टक्के, ४०० असेल तर ९१. सामना झाला की आकडे सुधारायचे. ९१ टक्के शक्यता असलेला संघ जिंकला तर त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, कारण ते अपेक्षितच होतं. हरला तर मात्र मिळाले असते त्याच्या दहापट गुण जातात. मला ही पद्धत फार आवडते, कारण अनपेक्षित निकालातून किती शिकायचं याचं मोजमाप तिच्यात आधीच ठरलेलं आहे.

त्याहून खोलात जाणारी माणसं गुणफलक बाजूला ठेवतात आणि प्रत्येक प्रयत्न तपासतात. बिल कॉनेली यांच्या एसपी प्लस या पद्धतीचा पाया असाच आहे. पहिल्या प्रयत्नात गरजेच्या निम्मे यार्ड मिळाले, दुसऱ्यात ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण, तर तो प्रयत्न यशस्वी धरायचा. मग किती टक्के प्रयत्न यशस्वी झाले ते बघायचं आणि समोरचा संघ किती भक्कम होता त्यानुसार त्यात दुरुस्ती करायची. निकाल आधीच लागून गेल्यावर राखीव खेळाडूंनी केलेली धावपळ यातून वगळतात. याचा फायदा असा की सामना एकच असला तरी त्यात दोन्ही संघांचे मिळून सव्वाशेच्या आसपास प्रयत्न असतात. बारा निकालांवरून जे कळत नाही ते दीड हजार प्रयत्नांवरून बरंच स्पष्ट दिसतं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. क्रमवारी आणि अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असोसिएटेड प्रेसचे पत्रकार १९३६ पासून मतांनी क्रमवारी लावतात. आज प्लेऑफचे, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीचे, संघ एक समिती निवडते. दोघांचाही प्रश्न असतो, 'आतापर्यंत कुणी काय कमावलं?' अंदाज करणाऱ्याचा प्रश्न वेगळा, 'पुढच्या शनिवारी काय होईल?' १९९८ ते २०१३ या काळात विजेतेपदाच्या सामन्याचे संघ ठरवताना संगणकांचीही मतं धरत. पण संघ आकडे फुगवण्यासाठी दुबळ्यांना मुद्दाम चेचतात अशी तक्रार आली आणि २००१ च्या हंगामानंतर गुणांचा फरक वापरायला संगणकांना मनाई झाली. खिलाडूवृत्तीच्या दृष्टीने ते कदाचित योग्य असेल. अंदाजाच्या दृष्टीने मात्र सगळ्यात उपयोगी माहितीच फेकून दिली गेली.

याचं सुंदर उदाहरण १ जानेवारी २०२५ चा रोझ बोल, त्या प्लेऑफमधलाच एक सामना. ओरेगॉन अपराजित, देशात पहिलं, आणि ऑक्टोबरमध्ये ओहायो स्टेटला ३२-३१ हरवलेलं. ओहायो स्टेट दोन सामने हरून आठव्या मानांकनावर. तरीही सामन्याआधी ओहायो स्टेटच किंचित सरस मानलं जात होतं, कारण प्रत्येक प्रयत्नाचा हिशेब त्यांच्या बाजूने होता. पंधरा मिनिटांच्या दुसऱ्या क्वार्टरमध्येच गुणफलक ओहायो स्टेटच्या बाजूने ३४-० होता. शेवटी ४१-२१.

नशिबाचा वाटा

चेंडू हातातून निसटून जमिनीवर पडला की त्याला फंबल म्हणतात. संघ किती वेळा चेंडू निसटवतो यात कौशल्याचा भाग आहे. निसटलेला चेंडू कोण उचलतं यात फारसा नाही. चेंडू लंबगोल, कसाही उडतो, आणि दीर्घकाळात निम्मे इकडे निम्मे तिकडे जातात. एखाद्या संघाने हंगामभर बहुतेक निसटलेले चेंडू उचलले असतील तर त्याचे निकाल त्याच्या ताकदीपेक्षा चांगले दिसतील, आणि पुढे हे टिकणार नाही.

थोडक्यात जिंकलेल्या सामन्यांचंही तसंच. 'या संघाला शेवटच्या क्षणी जिंकायची हातोटी आहे' हे वाक्य समालोचकांच्या तोंडी कायम असतं. टीसीयूने (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने) २०२२ चा नियमित हंगाम १२-० असा संपवला, त्यात निसटते विजय बरेच. पुढे प्लेऑफमध्ये त्यांनी मिशिगनला ५१-४५ हरवलं. मग ९ जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं धुऊन काढलं. पुढच्या हंगामात टीसीयू ५-७.

उलट बाजूला २०२१ चं नेब्रास्का. तीन विजय, नऊ पराभव. नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. हंगामातले सगळे गुण मोजले तर त्यांनी दिले त्यापेक्षा जास्त मिळवले होते. त्या वर्षी त्यांनी मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन्ही दादा संघांना शेवटपर्यंत झुंजवलं. विजय-पराभवांचा तक्ता बघणाऱ्याला तो तळाचा संघ वाटला असता. तो मधला, बऱ्यापैकी संघ होता.

एका सामन्यात नशिबाला एवढी जागा का मिळते? संधी मोजक्या असतात म्हणून. क्रिकेटमध्ये पाच दिवसांच्या कसोटीत दुबळा संघ क्वचित जिंकतो, वीस षटकांत कितीतरी वेळा जिंकतो, तसंच हे आहे. एका संघाला बाराच वेळा चेंडू मिळतो. त्यातल्या दोन संधी एका फसलेल्या फेकीने आणि एका हुकलेल्या लाथेने वाया गेल्या, की सहावा भाग संपला. २०२३ पासून नियम बदलला. दहा यार्ड पूर्ण झाल्यावर घड्याळ थांबायचं, ते आता दोन्ही अर्धांतल्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबतं. त्यामुळे संधी आणखी घटल्या आणि दुबळ्या संघाला ते थोडं सोयीचंच झालं.

कोण खेळणार, कुठे खेळणार

ऑगस्टच्या शेवटी हंगाम सुरू होतो तेव्हा हातात एकही निकाल नसतो. तेव्हा गेल्या दोन-चार वर्षांची कामगिरी, नव्या भरतीची गुणवत्ता आणि जुन्यांपैकी किती जण परत आले यावरून सुरुवातीचा आकडा ठरवतात आणि दर आठवड्याला त्याचं वजन कमी करत जातात. घाईने ते शून्यावर आणणं ही नवख्यांची ठरलेली चूक. दोन सामन्यांत दुबळ्यांना लोळवलेला संघ ऑक्टोबरमध्ये उघडा पडतो. अलीकडे हे काम अवघड झालंय. २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, २०२४ मध्ये 'एकदाच' ही अटही गेली, आणि आता दर वर्षी अर्धा संघ नवा असू शकतो.

डिसेंबर-जानेवारीतल्या बोल सामन्यांत, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या खास सामन्यांत, तर गुणफलकाइतकंच नावांच्या यादीकडे लक्ष हवं. व्यावसायिक करार समोर दिसत असताना दुखापतीचा धोका नको म्हणून चांगले खेळाडू बसून राहतात. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही प्लेऑफमधून वगळलं गेलं, कारण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू, नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बाहेर गेला होता. मग ऑरेंज बोलमधून त्यांचे दोन डझनांच्या आसपास खेळाडू गायब झाले आणि जॉर्जियाने सामना ६३-३ असा जिंकला. हंगामभराच्या आकड्यांत ज्या संघाची ताकद मोजली होती, तो संघ त्या दिवशी मैदानात नव्हताच.

क्वार्टरबॅक हा एकच खेळाडू असा आहे की त्याच्या नसण्याने अंदाज अनेक गुणांनी हलतो. बाकी कुणाही एकट्यामुळे फारसा हलत नाही. पण आघाडीच्या फळीतले दोघे-तिघे एकाच वेळी जखमी झाले तर हलायला हवा, आणि तो पुरेसा हलत नाही असं मला वाटतं, कारण त्या माणसांची नावं कुणाच्या लक्षातच नसतात.

घरच्या मैदानाचे साधारण अडीच गुण धरतात. लोकांना हा आकडा फार कमी वाटतो. लाखभर लोकांचा आवाज बघता पंचवीस असावा असं वाटतं, पण आकडे तसं म्हणत नाहीत. हवेचं सांगायचं तर थंडीपेक्षा वारा महत्त्वाचा. वारा फेकी बिघडवतो, लाथा बिघडवतो.

त्या दिवशी कोलंबसमध्ये

आता मिशिगनच्या विजयाकडे परत बघता येईल. मिशिगनचं आक्रमण त्या हंगामात खरोखर कमकुवत होतं. त्या दिवशीही त्यांच्या क्वार्टरबॅकने जेमतेम ६२ यार्डांच्या फेकी केल्या. पण बचावाची मधली फळी देशातल्या उत्तमांपैकी होती. तिच्यातले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोघेही पुढच्या एप्रिलमध्ये व्यावसायिक लीगच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले. ओहायो स्टेटच्या स्वतःच्या आघाडीच्या फळीतले दोन मुख्य खेळाडू, डावीकडचा टॅकल आणि सेंटर, दुखापतीने हंगामाबाहेर गेले होते. म्हणजे संघ म्हणून फरक २० गुणांचा असला तरी मैदानाच्या मध्यभागी तो उलटा होता. आणि ओहायो स्टेट पुन्हापुन्हा तिथूनच घुसायचा प्रयत्न करत राहिलं. २६ धावांत ७७ यार्ड. बाहेरच्या बाजूला देशातले सर्वोत्तम झेल घेणारे खेळाडू असताना.

त्यात दोन फील्ड गोल हुकले, ३४ आणि ३८ यार्डांवरून. त्या सहा गुणांनी निकाल फिरला असता. दोन्ही क्वार्टरबॅकच्या दोन-दोन फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या, पण मिशिगनने पकडलेल्यांपैकी एक थेट ओहायो स्टेटच्या दोन यार्डांच्या रेषेपर्यंत आली आणि त्यातून टचडाउन झालं. शेवटची ४५ सेकंद उरली असताना मिशिगनने २१ यार्डांवरून विजयी लाथ मारली.

यातलं काय आधी दिसू शकलं असतं? मधल्या फळीतली तफावत. ती पाहून एखाद्या सूक्ष्म अभ्यासकाने २० चा आकडा १५-१६ वर आणला असता, मिशिगनची शक्यता दहातल्या एकावरून सहातल्या एकावर नेली असती. त्यापलीकडे कुणीही प्रामाणिकपणे जाऊ शकत नव्हतं. हुकणाऱ्या लाथा आधी दिसत नाहीत. पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ओहायो स्टेटने त्यानंतर टेनेसी, ओरेगॉन, टेक्सास यांना हरवलं आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटामध्ये अंतिम सामना ३४-२३ असा जिंकला. समोर होतं तेच नोट्र डेम, जे सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयकडून हरलं होतं. हंगामातल्या सर्वात धक्कादायक पराभवांपैकी दोन सोसणारे संघच शेवटी उरले. त्यांना बलाढ्य म्हणणारे आकडे खोटे नव्हते.

स्वतः करून बघायचं तर

कागद आणि कॅल्क्युलेटर पुरतो. समजा 'अ' संघ सरासरी १२ गुणांनी जिंकत आलाय आणि त्याचे प्रतिस्पर्धी देशाच्या सरासरीपेक्षा ४ गुणांनी चांगले होते. त्याची ताकद १६. 'ब' सरासरी १५ गुणांनी जिंकतोय, पण त्याचे प्रतिस्पर्धी सरासरीपेक्षा ३ गुणांनी कमी. त्याची ताकद १२. दिसायला 'ब' चा आकडा मोठा होता, हिशेबानंतर 'अ' ४ गुणांनी पुढे गेला. सामना 'ब' च्या मैदानावर आहे, अडीच वजा करा. 'अ' कडे दीड उरला. गुरुवारी बातमी येते की 'अ' चा क्वार्टरबॅक खेळणार नाही आणि राखीव मुलगा नवखा आहे. त्याचे ५ गुण कापा. आता 'ब' साडेतीन गुणांनी पुढे, शक्यता सुमारे ५९ टक्के. आकडा तीनच्या पलीकडे गेला याला महत्त्व आहे, कारण निकाल ३ वर वारंवार थांबतात. २ वरून ४ वर जाणं आणि ११ वरून १३ वर जाणं सारखं नसतं.

मग हा आकडा बाजारातल्या पॉइंट स्प्रेडशी ताडून बघावा. सामना सुरू होण्याच्या क्षणीचा स्प्रेड हा उपलब्ध अंदाजांत बहुधा सर्वात चांगला असतो, कारण असे हिशेब करणाऱ्या हजारो लोकांचं शहाणपण त्यात मुरलेलं असतं. तुमचा आकडा त्यापासून दहा गुण लांब असेल तर आधी स्वतःचा हिशेब तपासा.

त्यावर पैसे लावायचा विचार मात्र मनात आणू नये, आणि हे मी कळकळीने सांगतोय. तिथे १०० डॉलर जिंकायला साधारणपणे ११० लावावे लागतात. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाही १०० पैकी ५२.४ वेळा स्प्रेडच्या योग्य बाजूला असावं लागतं, आणि तो स्प्रेड किती चांगला असतो ते वर सांगितलंच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडा पैजा कायदेशीर करायची मोकळीक दिली. त्यानंतर पैज हरलेले लोक एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थी खेळाडूंना धमक्या आणि शिव्या पाठवतात, ही तक्रार इतकी वाढली की कॉलेज क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी २०२४ मध्ये खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजांवर राज्यांनी बंदी घालावी अशी जाहीर मागणी केली.

अंदाज वहीत लिहावेत, टक्क्यांत लिहावेत, आणि त्यांना गुण द्यावेत. त्याची पद्धत ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये सांगितली. तुम्ही दिलेली शक्यता आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. संघाला ९० टक्के दिले आणि तो जिंकला, तर ०.१ चा वर्ग, ०.०१. हरला, तर ०.९ चा वर्ग, ०.८१. जितका कमी तितकं चांगलं. कुणी प्रत्येक सामन्याला डोळे मिटून ५० टक्के दिले तर त्याची सरासरी ०.२५ येते, म्हणून त्याच्या खाली राहणं ही पहिली पायरी. खात्रीने बोलून चुकणाऱ्याला ही पद्धत जबर दंड करते, आणि भीतीपोटी सगळीकडे ५५ टक्के लिहिणाऱ्यालाही फार पुढे जाऊ देत नाही.

डिसेंबरात नियमित हंगाम संपला की वहीतले ते सगळे सामने एकत्र काढा जिथे तुम्ही ७० टक्क्यांच्या आसपास दिले होते. असे चाळीस सामने असतील तर साधारण अठ्ठावीस तुमच्या बाजूने लागलेले हवेत. वीसच लागले असतील तर तुम्ही स्वतःवर जास्त विश्वास ठेवत होता. अडतीस लागले असतील तर खूश होऊ नका, तुम्ही हातचं राखून सांगत होता आणि ते सामने ९० टक्क्यांच्या रकान्यात असायला हवे होते.